कोरी चाचणी

त्या दिवशी सकाळी साडेसातला हुंगणीत एकही म्हैस नव्हती, आणि तरी दिवा तांबडा झाला.

विजयमालाने आधी दिव्याकडे पाहिलं, मग यंत्राच्या पडद्याकडे, मग पुन्हा दिव्याकडे. दिवा आपलं म्हणणं बदलायला तयार नव्हता.

हुंगणी हे करडवाळ गावाने ठेवलेलं नाव. सरकारी कागदावर तिचं नाव इतकं लांब होतं, की ते पुरतं उच्चारेपर्यंत म्हैस पलीकडे निघून गेली असती. दिसायला ती म्हणजे पत्र्याच्या दोन भिंतींमधली अरुंद गल्ली, एका वेळी एकच जनावर मावेल अशी. म्हैस आत आली की पुढचं-मागचं फाटक लागायचं आणि दीड मिनिट पंखे तिच्या तोंडाजवळची हवा ओढून घ्यायचे.

लाळ्या-खुरकूत झालेलं जनावर लाळ गाळायला लागलं, खुरांत फोड येऊन लंगडायला लागलं, की ते कुणालाही कळतं. पण त्याआधी दोन-तीन दिवस, ते नेहमीसारखं चरत असतानाच, त्याच्या श्वासातून विषाणू बाहेर पडत असतात. हुंगणी ते पकडायची. ओढलेली हवा एका नळीत भोवऱ्यासारखी गरगरायची, तिच्यातला सूक्ष्म ओलावा पाण्याच्या चार थेंबांत उतरायचा, आणि टिकलीएवढ्या काचेवर त्या पाण्यात विषाणूच्या जनुकाचा तुकडा असलाच तर त्याच्या लाखो प्रती व्हायच्या. आठ मिनिटांत हिरवा नाहीतर तांबडा. तांबडा आला, तर आणखी अर्ध्या तासात यंत्र त्या जनुकाची अक्षरं वाचून विषाणूचं कूळही सांगायचं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मांसासाठी. ज्या मुलखात हा रोग आहे तिथलं म्हशीचं मांस परदेशातली चांगली गिऱ्हाइकं घेत नाहीत. घेतलंच तर हाडं काढून आणि नाक मुरडून. म्हणून राज्याच्या सीमेवरचे चार तालुके सरकारने रोगमुक्त पट्टा म्हणून वेगळे काढले. पट्ट्यातलं जनावर हुंगणीतून हिरवं निघालं, की ओढ्यावरचा पूल ओलांडून शेजारच्या राज्यातल्या कारखान्यात जायचं, तिथून मांस गोठवलेल्या डब्यांतून बंदरावर आणि बंदरावरून समुद्रापार. चार तालुक्यांची चूल त्या हिरव्या दिव्यावर पेटायची. पट्ट्यात विषाणू सापडला, की निदान तीन महिने पूल बंद.

रोज पहिलं जनावर यायच्या आधी हुंगणी रिकामी चालवून पाहायची. तिला कोरी चाचणी म्हणत. रिकाम्या हुंगणीत काही सापडू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. तीन वर्षांत काही सापडलंही नव्हतं.

विजयमालाने सोड्याच्या पाण्याने गल्ली धुतली, नळी बदलली आणि दाराशी उभं राहून यंत्र पुन्हा चालवलं. हिरवा.

इथे ती थांबली असती, तर पुष्कळ जणांचं बरं झालं असतं. पण बारावीनंतर कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या बाईने यंत्राचं तीनशे पानांचं पुस्तक शब्दकोश घेऊन एकटीने वाचून काढलं होतं, आणि असं वाचलेलं माणसाला गप्प बसू देत नाही. पहिल्या चाचणीच्या वेळी आपण कुठे होतो, हे तिला आठवलं. जाळीवर कोळ्याने घर केलं होतं. पंखे बंद करायचा कंटाळा करून ती तशीच गल्लीत शिरली होती आणि जाळी पुसत होती.

तिसऱ्या वेळी ती मुद्दाम आत गेली. दोन्ही फाटकं लावून घेतली. म्हशीचं तोंड जिथे येतं तिथे वाकून उभी राहिली आणि दीड मिनिट श्वास घेत-सोडत राहिली. मग बाहेर येऊन आठ मिनिटं स्टुलावर बसली.

तांबडा.

माणसाला हा रोग होत नाही. पण जनावराने सोडलेला विषाणू माणसाच्या नाकात दिवस-दीड दिवस बसून राहू शकतो, टपावर चढून फुकट जाणाऱ्या उतारूसारखा. म्हणजे कालपरवा कुठल्यातरी जनावराचा श्वास तिच्या नाकात गेला होता. आणि ते कसं शक्य होतं?

हुंगणीच्या नोकरीत एकच कडक नियम होता. गोठा असलेल्या घरात पाऊल टाकायचं नाही, जनावराला हात लावायचा नाही. शहरात बसून ज्याने हा नियम लिहिला त्याला तो अगदी साधा वाटला असणार. करडवाळात गोठा नसलेलं घर नव्हतं. म्हणजे तीन वर्षांत विजयमाला गावातल्या एकाही घराचा उंबरा ओलांडू शकली नव्हती. हळदीकुंकवाची बोलावणी आधी यायची, मग यायची बंद झाली. बारसं, साखरपुडा, दहावा, सगळं तिला गावच्या मोबाइल ग्रुपवरच्या फोटोंतून कळायचं. भाऊबीजेला तिने सख्ख्या भावाला, दिगंबरला, रस्त्याच्या कडेला उभं करून ओवाळलं होतं, आणि मागून ट्रॅक्टर आला म्हणून अर्ध्यावर थांबावं लागलं होतं. लग्न झालं होतं, पण टिकलं नव्हतं. आईवडील गेले होते. हुंगणीला लागून असलेल्या खोलीत ती राहायची. दिवसाला पन्नास जनावरं तिच्यासमोरून जायची आणि त्यांच्यामागे दहा-वीस माणसं. ती सगळी तिच्याशी काचेतून बोलायची.

फक्त हल्या काचेतून बोलायचा नाही.

हल्या म्हणजे मरीआईला सोडलेला रेडा. पूर्वी गाव देवीपुढे रेडा कापायचं. तिच्या आजोबांच्या पिढीत ते बंद झालं आणि रेडा नुसता सोडून द्यायची रीत पडली. सोडलेला रेडा कुणाचाच नसतो. तो कुणाच्याही शेतात शिरला तरी त्याला काठी उगारायची नाही, कुणाच्याही हौदावर तो पाणी पिणार, गावच्या म्हशी त्याच्यापासूनच गाभण राहणार. हल्या ओढा ओलांडून दुसऱ्या राज्यातही चरून यायचा. त्याला कुणी कागद विचारत नसे.

रोज भर दुपारी, ऊन टळटळीत असताना, तो खोलीच्या मागच्या खिडकीशी यायचा आणि चौकटीवर हनुवटी टेकून उभा राहायचा. पहिले सहा महिने तिने खिडकी लावून घेतली. मग एकदा उघडी राहिली. नंतर ती रोजच उघडी राहू लागली. हल्याच्या जबड्याखाली एक जागा होती, तिथे खाजवलं की तो डोळे मिटून असा भला मोठा सुस्कारा सोडायचा, की तिच्या कपाळावरचे केस उडायचे. दिवसभरात तिच्या हाताला लागणारी ऊब तेवढीच. आपण नियम मोडतोय, हे तिला माहीत होतं. पण हल्या इतका तुकतुकीत, इतका निरोगी होता, की त्यात नियमाचा उगाच आडमुठेपणा आहे असं तिने स्वतःला पटवून दिलं होतं. स्वतःला काही पटवायचं असलं की तिला शब्दकोश लागत नसे.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नबीचाचांची गाडी.

नबी कुरेशी गावातले जुने व्यापारी. विजयमालाच्या वडिलांचे, बापूंचे, दोस्त. म्हशीचे दात बघून वय कसं ओळखायचं, हे तिला त्यांनी ती सात वर्षांची असताना शिकवलं होतं. आज त्यांच्या गोठ्यातल्या बावीस म्हशी कारखान्यात जायच्या होत्या.

"माला, अगं आठ वाजून गेले," ते काचेबाहेरून म्हणाले. "तुझ्या हुंगणीला सर्दी झाली का काय?"

"चाचा, जरा लांब थांबा."

"लांबच आहे की. तीन वर्षं लांबच आहे."

"म्हशी उतरवू नका."

मग तिने सांगितलं. चाचा आधी हसले. "तुझ्या नाकात? बापू असता तर म्हणाला असता, पोरीच्या नाकावर राग तेवढा ठेवला होता मी, हे कुठून आलं." ती हसली नाही, तसे ते थांबले आणि खाली बघून म्हणाले, "हल्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"गावात कुणाला माहीत नाही? दुपारचं माणूस घड्याळ नाही बघत, हल्या कुठं चाललाय ते बघतं."

आपल्या एकुलत्या एका गुपितावर अख्खं गाव घड्याळ लावत होतं, हे विजयमालाला पहिल्यांदा कळलं. आणि कुणी तिची तक्रार केली नव्हती, हेही.

"दुसरी चाचणी हिरवी आली म्हणतेस ना?" चाचा म्हणाले. "मग तीच लिही. तू नाक धू मिठाच्या पाण्यानं, दोन दिवस रजा टाक. हल्याला मी ओढ्यापलीकडं हाकलून येतो."

"पलीकडे पण म्हशी आहेत, चाचा."

"पलीकडच्या पलीकडचे बघतील." बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांचं त्यांनाच आवडलं नसावं, कारण त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने उगाचच तोंड पुसलं. "परवा जहाज आहे, पोरी. एक वर्ष झालं त्या लोकांच्या मागं लागून. म्हशींचे फोटो पाठवले, पाण्याचे नमुने पाठवले, माझा फोटो पाठवला, तो कशाला पाहिजे होता अल्ला जाणे. एकदा पाठ फिरवली की येत नाहीत ते परत. आणि माझं जाऊ दे. दिगंबरचं काय? गावात एक तरी दावण सांग ज्यातली म्हैस पुलावरून जायची नाही."

विजयमालाच्या डोळ्यांपुढे मात्र दुसरीच दावण होती. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी, पट्टा व्हायच्या आधीची शेवटची साथ. मोठ्या जनावरांच्या तोंडाला आणि खुरांना हा रोग धरतो, पण लहान पारडांच्या थेट काळजावर जातो. दिगंबरच्या गोठ्यात वीस दिवसांचं पारडू आईच्या कासेला तोंड लावूनच खाली बसलं आणि गेलं. म्हैस स्वतः लंगडत होती, आणि वळून वळून त्याला चाटत होती.

"ते पारडू तुम्हीच उचललं होतं, चाचा," ती म्हणाली.

"मला कशाला सांगतेस? मला आठवतंय." ते गाडीकडे वळले. दार उघडून, पायरीवर एक पाय ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "कर फोन. मी इथं उभा असताना कर, म्हणजे नंतर घरी जाऊन मला वाटणार नाही की तू केला नसशील."

तिने फोन केला.

जिल्ह्याचे पशुवैद्यक डॉक्टर हुलसुरे शांत माणूस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या गोठ्यात गेला होतात?"

"कुठल्याच नाही. रेडा खिडकीशी येतो माझ्या."

"बिल्ला नंबर सांगा."

"बिल्ला नाही."

"असं कसं? पट्ट्यातल्या प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला आहे. प्रत्येकाचं रक्त तपासलंय आपण साथीनंतर."

तेव्हा तिला ते पुरतं उमगलं. साथ ओसरल्यावर जी मोजणी झाली, तिच्यात ती स्वतः घरोघर फिरली होती. त्या कामावरूनच तर तिला हुंगणीची नोकरी मिळाली. मोबाइलवर आधी मालकाचं नाव भरायचं, मग त्याचा आधार क्रमांक, मग जनावर. प्रत्येक घराने आपापली जनावरं प्रामाणिकपणे मोजून दिली होती. रोगी होती तीही दिली, आणि ती मारली गेली. हल्या मात्र कुणाचाच नव्हता, म्हणून कुणीच दिला नाही. लपवला नव्हता. मोजणी चालू असताना तो देवळापुढे रवंथ करत बसलेला होता आणि विजयमाला त्याला वळसा घालून पुढे गेली होती. देवीचं आधार कार्ड नव्हतं.

अर्ध्या तासाने यंत्राने कूळ सांगितलं. विषाणू त्याच साथीचा होता, फक्त जनुकातली काही अक्षरं बदललेली. जुनं पत्र कुणीतरी रोज हाताने उतरवून काढत राहावं आणि दर महिन्याला एखादं अक्षर चुकत जावं, तसं. रोगातून उठलेल्या जनावराच्या घशात, अगदी मागच्या पडद्यात, हा विषाणू दोन-दोन, तीन-तीन वर्षं मुक्काम ठोकून राहतो. जनावर खातंपितं, चकाकतं, त्याला काही होत नाही. त्याच्यापासून दुसऱ्याला लागण क्वचित होते. पण होते.

डॉक्टर अकरा वाजता आले, पांढरे अंगभर पोशाख घातलेले चार जण घेऊन. सरपंचांना बोलावलं. ते शंभर पावलांवर थांबून मोठ्याने बोलत होते.

"रेडा मारायला संमती लागेल," डॉक्टर म्हणाले.

"देवीचा आहे साहेब. आम्ही कोण हो म्हणणार?"

"मग नाही म्हणताय का?"

"नाही तरी आम्ही कोण म्हणणार?"

"कागदावर मालकाची सही लागते हो. त्याशिवाय मला सुई लावता येत नाही."

सरपंच देवळाकडे बघत राहिले, जणू तिकडून कुणीतरी पेन घेऊन येईल. त्यांच्यामागे जमलेली माणसं आपापल्या चपला निरखायला लागली. दिगंबरही होता त्यांच्यात.

"द्या इकडे," विजयमाला खिडकीतून म्हणाली.

एका पांढऱ्या पोशाखाने कागद आत सरकवला. मालकाचं नाव: विजयमाला बापूराव येलमटे. जनावर कधीपासून ताब्यात आहे, या रकान्याशी ती थोडी अडली. मग तिने लिहिलं, अडीच वर्षं.

दुपारी हल्या त्याच्या वेळेला आला. माणसं पाहून जरा बिचकला, पण चौकटीवर हनुवटी टेकवली. आज हात लावायला नियमाची आडकाठी नव्हती. रोग जिथे जिथे पोचला त्या यादीत तिचं नाव चढलंच होतं. तिने जबड्याखालची ती जागा खाजवायला घेतली. डॉक्टरांनी मागून येऊन आधी झोपेची सुई दिली. हल्याने सुस्कारा सोडला, तिचे केस उडाले, आणि तो पुढचे पाय दुमडून सावकाश खाली बसला, उन्हातून आलेलं दमलेलं जनावर बसतं तसा. खिडकीतून आता फक्त शिंगं दिसत होती. दुसऱ्या सुईच्या वेळी तिने हात बाहेर काढून जेवढं शिंग हाताला आलं तेवढं धरून ठेवलं.

"झालं," डॉक्टर थोड्या वेळाने म्हणाले. "ताई, झालं. सोडा आता."

पाच दिवस तिला खोलीबाहेर पडायला बंदी होती. रोज कुणीतरी येऊन नाकात काडी घालून नमुना घेऊन जायचं. पुलावर पत्रे ठोकले गेले. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. नबीचाचांच्या बावीस म्हशी परत गोठ्यात नेऊन बांधल्या होत्या. त्यांतल्या तिघींमध्ये विषाणू सापडला होता. हल्या ज्या हौदावर पाणी प्यायचा त्याच हौदावरच्या. "त्या दिवशी हुंगणीतून त्या हिरव्याच निघाल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा लागण अगदी ताजी होती, श्वासात उतरायची होती. कारखान्यात जाऊन उतरल्या असत्या, पलीकडच्या जनावरांत. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत." मग घसा साफ करून त्यांनी पुढचं सांगितलं. नियम मोडल्याबद्दल तिला कामावरून कमी करण्यात येत होतं. पत्र येईलच.

बावीसच्या बावीस म्हशी पाचव्या दिवशी मारल्या. बाकी गावात कुठे काही निघालं नाही.

सहाव्या दिवशी विजयमाला मोकळी झाली. नोकरी नाही म्हणजे नियमही नाही. आता ती करडवाळातल्या कुठल्याही घरात जाऊ शकत होती. तिने स्वच्छ साडी नेसली, खोलीला कुलूप लावलं आणि गावात निघाली.

दिगंबरच्या दाराशी वहिनी धान्य निवडत बसली होती. तिने वर पाहिलं, सूप उचललं आणि आत गेली. दार लावलं नाही, फक्त आत गेली. फोनवर दिगंबरचा निरोप आला: थोडे दिवस जाऊ दे, माई. पाराजवळच्या बायकांचं बोलणं ती जवळ आल्यावर थांबलं आणि ती पुढे गेल्यावर सुरू झालं. मरीआईच्या देवळापुढे हल्या बसायचा त्या जागेवर कुणीतरी हळदीकुंकू वाहिलं होतं. ती त्याला वळसा घालून गेली.

गावाच्या टोकाला नबीचाचांचं घर. इथे यायचं तिने ठरवलं नव्हतं, पण रस्ता तिथेच संपत होता. अंगणापलीकडचा लांबलचक गोठा धुऊन काढलेला, जमिनीवर चुन्याचा पांढरा थर. दावी सोडून खुंट्यांवर टांगली होती. चाचा ओसरीवर बाजेवर बसले होते, गोठ्याकडे तोंड करून.

"कोण?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"मी आहे."

ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तिथे उभं राहायची सवय होतीच.

"तिघी होत्या म्हणे," ते म्हणाले. "डॉक्टर सांगत होता. त्या जहाजवाल्यांना फोन केला मी. ठीक आहे म्हणाले. ठीक आहे म्हणजे काय, ते काय मला कळत नाही होय?"

"चाचा, मी—"

"गोठा धुतलाय," ते म्हणाले. "चुना मारलाय. आत एक जनावर नाही." मग बाजेवर जरा सरकून त्यांनी जागा केली. "आता तुला यायला काय हरकत आहे?"

हे बोलावणं होतं की टोमणा, ते तिला कळलं नाही. चाचांनाही ते नीटसं कळलं असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. तिने चपला काढल्या आणि आत येऊन बाजेच्या कडेवर बसली. दोघंही गोठ्याकडे बघत राहिली.

आतून चाचीचा आवाज आला, "साखर किती घेते ती?"

चाचांनी तिच्याकडे पाहिलं, पण तिला विचारलं नाही. "दोन चमचे," त्यांनी आत ओरडून सांगितलं. "पहिल्यापासून दोन घेते."

विजयमालाने साखर सोडून दोन वर्षं झाली होती. चाचीने कप आणून दिला, तेव्हा तो दोन्ही हातांत धरून ती तो गोड चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.